बर्फ वितळते तेव्हा पाणी किती चढते?

रेल्वेच्या कोणत्याही स्टेशनात उतरले की फलाटाच्या टोकाला पिवळी पाटी दिसते. तीवर गावाचे नाव असते आणि खाली लहान अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. मोताळ्याहून मलकापूरला जाऊन गाडी धरणाऱ्या माणसांनी अशी पाटी शेकडो वेळा पाहिली असेल. पण मलकापूर कोठे आणि समुद्र कोठे! उंची तेथूनच का मोजावयाची, हा प्रश्न मनात क्वचितच येतो.

याचे उत्तर सोपे आहे. मोजणीला कोठेतरी आरंभ हवा आणि तो साऱ्या देशाला एकच हवा. म्हणून भारताच्या सर्वेक्षण खात्याने नऊ बंदरांतील भरती-ओहोटीच्या नोंदी घेतल्या, त्यांची सरासरी काढली आणि १९०९ साली तिला शून्य मानले. त्या नऊ बंदरांत मुंबई होती. मुंबईस अपोलो बंदरावर १८७८ सालापासून समुद्राच्या पाण्याची पातळी टिपली जात आहे. आशियातील जुन्यांत जुन्या नोंदींपैकी ही एक होय. तात्पर्य, आपल्या गावाची उंची, आपल्या धरणाची उंची, आपल्या रुळांचा चढउतार, या सर्वांचा हिशेब समुद्राच्या त्या रेघेपाशी जाऊन थांबतो. आणि आज परिस्थिती अशी आहे की, ज्या समुद्राच्या पातळीला आपण शून्य मानले, तीच हळूहळू वर सरकत आहे.

असे का, म्हणून विचारले तर बहुतेक जण एका वाक्यात सांगतात, "ध्रुवावरचे बर्फ वितळते म्हणून." हे उत्तर खोटे नाही, पण ते अर्धे आहे. बर्फ वितळले म्हणजे पाणी चढलेच पाहिजे असा नियम नाही. काही बर्फ वितळूनही पाणी जागचे हलत नाही आणि काही बर्फ न वितळताच पाणी चढविते. यांतील भेद ज्याला उमगला त्याला या विषयातील मुख्य गोष्ट कळली असे आम्ही समजतो. सबब आरंभ तेथूनच करू.

हे दिवस उन्हाचे आहेत. रसवंतीवर काठोकाठ भरलेला पेला आपल्यापुढे येतो, त्यात बर्फाचा खडा तरंगत असतो आणि त्याचे डोके रसाच्या वर आलेले असते. कोणी म्हणेल, खडा वितळला की पेला सांडणार. पण तो सांडत नाही. घरी साध्या पाण्यात हा प्रयोग अवश्य करून पाहावा. पाणी जेथवर आले असेल तेथे भांड्याला दोरा बांधावा आणि बर्फ पूर्ण वितळेपर्यंत वाट पाहावी. पाणी दोऱ्यापाशीच राहिलेले दिसेल.

याचे कारण आर्किमिडीजने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. एक किलो बर्फ घ्या. पाणी गोठताना फुगते, म्हणून एक किलो बर्फाला सुमारे १.०९ लिटर जागा लागते. परंतु त्याचे वजन एक किलोच असल्यामुळे ते एक लिटरच पाणी बाजूला सारते. उरलेला भाग पाण्याच्या वर डोके काढून राहतो. आता हे बर्फ वितळले. एक किलो बर्फाचे एक किलो, म्हणजे एक लिटर पाणी झाले. बर्फाने पाण्यात जेवढी जागा अडविली होती तेवढीच या पाण्याने भरून निघाली. शिल्लक शून्य, वाढही शून्य.

एस.टी.च्या गाडीचे उदाहरण घ्या. मोताळ्याला गाडी भरून उभी आहे. आत बसलेला उतारू पाय पसरून बसला काय किंवा अंग चोरून बसला काय, उतारूंची संख्या बदलत नाही. त्याचे तिकीट आधीच फाडलेले असते. गर्दी वाढते ती बाहेर उभा असलेला माणूस आत चढला म्हणजे. तरंगणारे बर्फ हा आतला उतारू. जमिनीवर बसलेले बर्फ हा बाहेरचा.

आता भांड्याचा दुसरा प्रयोग. भांड्यात एक मोठा दगड असा ठेवा की त्याचा माथा पाण्याच्या बराच वर राहील. त्या माथ्यावर बर्फाचा खडा ठेवा. या खड्याने अद्याप पाण्यातील कोणतीही जागा घेतलेली नाही. तो वितळून त्याचे पाणी दगडावरून खाली ओघळू लागले की पातळी दोऱ्याच्या वर चढते. जेवढे पाणी आले तेवढी सारी वाढ. आणि तो खडा अख्खा घसरून पाण्यात पडला, तर वितळण्याची वाट न पाहता पातळी त्याच क्षणी चढते. बर्फ न वितळताच पाणी चढते असे वर म्हटले, ते यामुळे.

जाता जाता एक बारकावा सांगितला पाहिजे. समुद्राचे पाणी खारे, म्हणून गोड्या पाण्याहून वजनाने भारी. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातील लोकांना खाऱ्या पाण्याचे गुण निराळे सांगावयास नकोत. भारी पाण्यात तेच बर्फ थोडे अधिक वर तरंगते आणि थोडी कमी जागा अडविते. वितळल्यावर मात्र त्याचे पुरे एक लिटर गोडे पाणी होते. म्हणून समुद्रात तरंगणारे बर्फ वितळले तर पातळी अगदी स्थिर राहत नाही. शंभर घागरी बर्फाचे पाणी झाले तर सुमारे अडीच घागरींची वाढ होते. रसाच्या पेल्यातही साखरेमुळे अशीच, पण डोळ्यांना न दिसणारी वाढ होत असते. हिशेब चोख असावा म्हणून हे सांगितले; मुख्य निष्कर्ष त्याने बदलत नाही.

आता पेल्यावरून पृथ्वीवर येऊ. उत्तर ध्रुवापाशी जमीन नाही, तेथे समुद्र आहे. त्याच्यावर जे बर्फ असते ते समुद्राचेच पाणी गोठून झालेले, काही मीटर जाडीचे आणि तरंगणारे. ते उन्हाळ्यात आकसते व हिवाळ्यात पसरते. उपग्रहांनी मोजणी सुरू केल्यापासून त्याचा सर्वांत कमी विस्तार २०१२ च्या सप्टेंबरात नोंदला गेला. हे बर्फ सारे नाहीसे झाले तरी त्यामुळे समुद्र जवळजवळ चढणार नाही. पण म्हणून ते निरुपद्रवी मानू नये. पांढरे बर्फ ऊन परतवून लावते. ते गेले की खालचे काळसर पाणी तेच ऊन पिऊन घेते. उन्हात पांढरे धोतर आणि काळी छत्री यांपैकी काय अधिक तापते हे सर्वांना ठाऊक आहे. समुद्र तापला की शेजारच्या जमिनीवरील बर्फालाही झळ लागते.

जमिनीवरील बर्फाचे मोठे साठे दोन. एक ग्रीनलंड, दुसरा दक्षिण ध्रुवाचा अंटार्क्टिका खंड. ग्रीनलंडचे सारे बर्फ समुद्रात आले तर जगातील समुद्र सुमारे ७ मीटर चढेल. अंटार्क्टिकाचे आले तर सुमारे ५८ मीटर. हिमालय, आल्प्स, अँडीज इत्यादी पर्वतांवरील साऱ्या हिमनद्या मिळून होणारी वाढ अर्ध्या मीटरलाही पोचत नाही. हे आकडे ऐकून कोणी घाबरून जाऊ नये. ते तिजोरीत काय आहे त्याचे आकडे आहेत, उद्या काय खर्च होणार त्याचे नव्हेत. मोताळा समुद्रापासून दोनशे मीटरांहून अधिक उंच आहे. सारे बर्फ वितळले तरी समुद्र येथे येणार नाही.

मग सध्या खर्च किती चालला आहे? जगातील समुद्र १ मिलिमीटर चढण्यास सुमारे ३६,००० कोटी टन पाणी लागते. २००२ साली आकाशात सोडलेल्या जुळ्या उपग्रहांनी पृथ्वीच्या ओढीतील फरकावरून बर्फाचे वजन करण्यास आरंभ केला. त्यानंतरच्या दोन दशकांत ग्रीनलंडने दरवर्षी सरासरी सुमारे २७,००० कोटी टन बर्फ गमावले असे त्यांतून दिसून आले. म्हणजे एकट्या ग्रीनलंडमुळे वर्षाला पाऊण मिलिमीटर. पाऊण मिलिमीटर ऐकून हसू येते. परंतु महिन्याला पगारातून थोडी थोडी रक्कम कापली गेली तर वर्षाअखेरीस काय होते, हे कामगाराला कोणी शिकवावे लागत नाही. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्र सरासरी २० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक वीत चढला. आणि २००६ ते २०१८ या वर्षांत चढण्याचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटरवर गेला. आपल्या बाजूच्या उत्तर हिंदी महासागरात १८७४ ते २००४ या काळात पाणी वर्षाला १ ते पावणेदोन मिलिमीटर चढत होते. १९९३ ते २०१५ या काळात ते ३.३ मिलिमीटर चढू लागले.

ही सारी वाढ बर्फाची नव्हे. तापले की पाणी फुगते. १९७१ ते २०१८ या काळातील वाढीपैकी निम्मी केवळ या फुगण्याची होती. पर्वतांवरील हिमनद्यांचा वाटा सुमारे २२ टक्के आणि ग्रीनलंड-अंटार्क्टिका यांचा मिळून २० टक्के. उरलेले ८ टक्के जमिनीवरील पाण्याच्या उलाढालीचे. बोअरमधून उपसलेले पाणी शेतातून, वाफेतून, नाल्यांतून फिरत शेवटी समुद्रालाच मिळते. धरणे उलट काम करतात. ती पाणी अडवून ठेवतात. नळगंगेचे पाणी पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवापाशी तापीला मिळते आणि तापी सुरतेच्या खाली समुद्राला. तेव्हा समुद्राच्या जमाखर्चात आपल्या तालुक्यातील विहिरी, बोअर आणि नळगंगेचे धरण यांचीही एक बारीक नोंद आहे.

वर तरंगते आणि जमिनीवरचे असा भेद केला. पण या दोहोंना जोडणारा एक तिसरा प्रकार आहे. अंटार्क्टिकाच्या जमिनीवरील बर्फ आपल्याच भाराने समुद्राकडे सरकते आणि किनारा ओलांडून पाण्यावर शेकडो फूट जाडीचे पसरते. घराला पडवी असावी तशी ही बर्फाची पडवी. घर जमिनीवर, पडवी पाण्यावर. भारताचे अंटार्क्टिकावरील पहिले ठाणे, दक्षिण गंगोत्री, १९८३-८४ साली अशाच पडवीवर उभारले होते. काही वर्षांतच ते बर्फाखाली गाडले गेले व सोडावे लागले. पुढचे मैत्री हे ठाणे १९८९ साली खडकावर बांधले.

पडवी तरंगती असल्यामुळे ती मोडून वितळली तरी समुद्र फारसा चढत नाही. मात्र तिने मागच्या बर्फाला टेकू दिलेला असतो. २००२ साली लार्सेन-बी नावाची अशी एक पडवी काही आठवड्यांत फुटून गेली. तिचे क्षेत्र ३,००० चौरस किलोमीटरांहून अधिक होते. तिच्या फुटण्याने समुद्र चढला नाही. परंतु टेकू निघताच मागच्या हिमनद्या पूर्वीच्या कितीतरी पट वेगाने समुद्रात उतरू लागल्या, आणि ते बर्फ जमिनीवरचे होते. आतला उतारू उतरून गेला. पण तोच दार अडवून उभा होता, म्हणून बाहेरची गर्दी आत शिरली.

चढलेले पाणी जगभर सारखे चढते असेही नाही. ग्रीनलंडसारखा बर्फाचा डोंगर आपल्या वजनाने भोवतालचे पाणी स्वतःकडे ओढून धरतो. तो हलका झाला की ओढ कमी होते, त्याच्या शेजारचे पाणी उतरते आणि दूरच्या किनाऱ्यांवर सरासरीहून थोडे अधिक चढते. जमीनही स्थिर नसते. स्वीडनच्या उत्तर किनाऱ्यावर प्राचीन हिमयुगातील बर्फाचा भार उतरल्यामुळे जमीन अद्याप वर्षाला जवळजवळ एक सेंटिमीटर वर येत आहे, आणि तेथे समुद्र मागे हटताना दिसतो. याच्या उलट, एकोणिसाव्या शतकात मुंबईत प्रिन्सेस डॉक खोदत असताना ओहोटीच्या रेघेच्याही खाली मुळांसकट उभी असलेली झाडे सापडली. जमीन खचल्यामुळे ते रान पाण्याखाली गेले असे भूगर्भशास्त्रज्ञांनी मानले. म्हणून पाणी चढले असे म्हणताना पाणी वर आले की जमीन खाली गेली, हे दोन्ही तपासून पाहावे लागते.

समुद्र सोडून पर्वतांकडे वळू. आमच्या विदर्भातील नद्यांना बर्फ ठाऊक नाही. त्या पावसावर जगतात. हिमालयातील नद्यांची गोष्ट निराळी, आणि तेथे वितळणाऱ्या बर्फाचा फटका मिलिमीटरने मोजावा लागत नाही. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात डोंगराचा कडा बर्फासकट तुटून दरीत कोसळला. कोसळताना झालेल्या घर्षणाच्या उष्णतेने त्यातील बर्फाचे पाणी झाले आणि दगडमातीचा लोंढा ऋषीगंगा व तपोवन येथील वीज प्रकल्पांवर आदळला. दोनशेहून अधिक माणसे मेली वा बेपत्ता झाली, आणि त्यांत बहुतेक त्या प्रकल्पांवर काम करणारे मजूर होते. कित्येक बोगद्यातच अडकले. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री सिक्कीममध्ये दक्षिण ल्होनाक या तलावात काठाचा गोठलेला उतार कोसळला. हिमनदी वितळत गेल्यामुळे तो तलाव कित्येक वर्षे वाढत होता. आत पडलेल्या भाराने पाणी उसळले, बांध फुटला आणि खाली चुंगथांग येथील तिस्ता प्रकल्पाचे ६० मीटर उंचीचे धरण वाहून गेले. नियम तोच: बाहेरचे आत पडले की पाणी चढते. येथे ते काही क्षणांत चढले, एवढाच फरक.

या दोन वेगांत आमच्या मते विषयाचे खरे मर्म आहे. बर्फ वितळण्यास फार उष्णता लागते. एक ग्रॅम बर्फाचे नुसते पाणी होण्यास ८० कॅलरी खर्च होतात आणि तोवर त्याचे तापमान एक अंशही वाढत नाही. म्हणून मोठे साठे सावकाश वितळतात. परंतु आत गेलेली उष्णता वाया जात नाही, तिचा हिशेब पुढे ओढला जातो. उशीर झाला म्हणजे देणे माफ झाले असे नव्हे.

मुंबईत हे देणे कसे वसूल होते ते पाहा. शहरातील पावसाचे पाणी नाल्यांच्या उताराने समुद्रात जाते. भरती आली की नाल्याची तोंडे समुद्राच्या पाण्याखाली जातात आणि शहरातील पाणी खोळंबते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दुपारी भरती होती. मुंबईत चारशेहून अधिक माणसे दगावली. तो पाऊस वितळत्या बर्फामुळे पडला असे आम्ही म्हणत नाही. मात्र समुद्र वीतभर चढला म्हणजे प्रत्येक भरती वीतभर उंचावरून सुरू होते, नाल्याची तोंडे लवकर बुडतात आणि उशिरा उघडतात. हाजीअली, इर्ला येथे महापालिकेने पाणी उपसण्याची केंद्रे बांधली ती याच अडचणीसाठी. उताराने जे फुकट होत होते, ते आता यंत्राने, पैसे मोजून करावे लागते.

आणि सखल जागा कोणाच्या वाट्याला येते? शहर कोणतेही असो, नाल्याकाठची, खाडीकाठची, भराव घातलेली जमीन स्वस्त असते, म्हणून काम शोधीत आलेला माणूस तेथे झोपडी बांधतो. त्यांत मोताळा, नांदुरा, मलकापूर या बाजूंची माणसे असतात. अलिबागेकडील खारेपाटातील शेतकऱ्याचे भातखाचर तर भरतीच्या रेघेखालीच असते. मातीचा खारबांध हीच त्याची भिंत. १९३३ ते १९३९ असा सहा वर्षे चाललेला चरीचा शेतकरी संप याच खारेपाटातला. ज्या जमिनीसाठी ते लोक इतके झगडले तिचा बांध आता समुद्राच्या नव्या उंचीला पुरला पाहिजे. मोताळा बुडणार नाही हे खरे. परंतु मोताळ्याची माणसे जेथे राबतात ती ठिकाणे बुडू शकतात.

म्हणून या विषयाचे ज्ञान पुस्तकात ठेवून भागणार नाही. समुद्राची १८७८ पासूनची नोंद आहे, उपग्रहांचे वजनकाटे आहेत, कोणत्या भरतीस कोणती वस्ती पाण्यात जाईल हे आधी सांगता येते. तसे नकाशे मराठीत छापून वस्त्यांच्या चावडीवर लागले पाहिजेत. वस्ती हलवावयाची तर कामाच्या जवळच हलविली पाहिजे, नाही तर पाण्यातून वाचलेला माणूस उपासमारीत पडतो. पाणी भरल्यामुळे बुडालेला रोज मजुराच्या पगारातून कापला जाऊ नये. आणि हिमाच्या तलावाखाली धरण बांधणाऱ्या प्रत्येक प्रकल्पावर, कामाचा पहिला दगड बसण्यापूर्वी, धोक्याचा भोंगा बसला पाहिजे. कामावर बोलावण्यासाठी भोंगा वाजविण्याची पद्धत आपल्या देशात शंभर वर्षांहून जुनी आहे. जीव घेऊन पळा असे सांगण्यासाठीही तो वाजावा, एवढे मागणे फार मोठे नाही.